निळं ग्रीन कार्ड

हे प्रकरण मी आजवर टाळलं. आठवणी लिहायला बसलो तेव्हा शाळा लिहिली, पोह्याची गिरणी लिहिली, गाढी नदीत बुडता बुडता वाचलो तेही चार पानं रंगवून लिहिलं. आमच्या आक्काचं एक वर्ष मात्र दर वेळी ओलांडून पुढे गेलो. बायकोने वही वाचून विचारलं, "यात वन्सं कुठे आहेत?" मी म्हटलं, येतील पुढे. ती म्हणाली, "तुम्ही आणाल तेव्हा येतील." अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईपुढे लेखकाची मिजास चालत नाही.

मग मागच्या महिन्यात आमच्या नातवाला कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम रहिवास, मिळाला. खारघरच्या ज्या इमारतीत मी मुलाकडे राहतो तिथे ही काही अपूर्वाई नाही. सोळा मजल्यांत अकरा घरी मुलं पीआर आहेत आणि आईबाप लिफ्टमध्ये एकमेकांना 'तुमच्याकडे बर्फ किती पडला?' असं विचारतात. पूर्वी मुलगा वकील आहे, डॉक्टर आहे असं सांगत. आता मुलगा पीआर आहे असं सांगतात, जणू तो त्याचा व्यवसाय आहे. आम्हीही पेढे वाटले. नातवाने फोनवर आपले हक्क आणि जबाबदाऱ्या वाचून दाखवल्या. कुठेही राहता येतं, कुठेही काम करता येतं, औषधपाण्याची सोय आहे. मत देता येत नाही, कर भरावा लागतो, पाच वर्षांत दोन वर्षं तिथे काढावी लागतात, नाहीतर हातचं जातं. सून म्हणाली, "म्हणजे आजारी पडले आजोबा, तरी तुला यायला बंधन?" सगळे हसले. मी उठून गॅलरीत गेलो. विमानं आता आमच्या डोक्यावरूनच जातात. पन्नास वर्षांपूर्वी असतं तर आमच्या काकांनी विमानतळालाही कुलूप घातलं असतं.

आमचं घर पनवेलच्या जुन्या भागात, पोह्याच्या गिरणीला पाठ लावून होतं. भिंत एकच. पहाटे भट्टी पेटली की स्वयंपाकघराची ती बाजू ऊन व्हायची आणि मांजरं तिथे रांगेने निजायची. भिजवलेलं भात भट्टीत फुलायला लागलं की खरपूस, ओलसर वास सुटायचा. तो कपड्यांना, वह्यांना, आईच्या केसांना लागलेला असायचा. मग यंत्राचा धडधडाट सुरू व्हायचा. त्या आवाजात आम्ही सगळे मोठ्याने बोलायला शिकलो, आणि गिरणी बंद असली तरी तसेच ओरडत राहिलो. परके लोक म्हणत, यांच्याकडे सारखं भांडण चालू असतं. ते अगदीच खोटं नव्हतं. सकाळी गरम पोहे, ओलं खोबरं. दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं नाहीतर सुक्या जवळ्याची चटणी. घरात आई, वडील म्हणजे अण्णा, धाकटे काका आणि मी. काकू लवकर गेली होती. अण्णा थोरले, पण गिरणी आणि घर दोन्ही चालवायचे काका. अण्णांनी आयुष्यात काकांच्या मनाविरुद्ध एकच गोष्ट केली: आक्काला नर्सिंगला मुंबईला पाठवलं. ती तिथून थेट अमेरिकेत गेली. तेव्हा काका गावभर म्हणाले होते, मुलगी हातची गेली. तिथे पोचताच तिला कायम रहिवासाचं कार्ड मिळालं तेव्हा तेच काका म्हणाले, आमची सुलू.

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'हं' एवढा एकच आवाज उरला. आक्का इस्पितळातून सुट्टी काढून आली. चार महिन्यांसाठी आली होती, जरूर पडली तर वर्षाच्या आत परत जाईन असं तिथे सांगून आली होती. आल्या दिवशी तिने बाजेवरची घोंगडी काढून फेकली, अण्णांच्या पाठीवरच्या जखमा पाहिल्या आणि पाणी तापवायला ठेवलं. दर दोन तासांनी ती त्यांना कुशीवर वळवायची. भिंतीवर घड्याळाखाली तिने कागद लावला होता, त्यावर डावी कूस, उजवी कूस असं लिहिलेलं. दोन महिन्यांत जखमा भरल्या. काका येणाऱ्याजाणाऱ्याला तो कागद दाखवायचे आणि म्हणायचे, अमेरिकन पद्धत.

पण लोकांना पाहायचं असायचं ते कार्ड. आणि त्या कार्डाने पनवेलची घोर निराशा केली, कारण ते हिरवं नव्हतं. नाव ग्रीन कार्ड, आणि वस्तू निळसर, कोपऱ्यात आक्काचा एक कान दिसणारा फोटो. लोक उलटंपालटं करून पाहायचे. एका किराणावाल्याने तर हळूच मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या बहिणीला फसवलंय, परत पाठवून हिरवं मागून घ्या. आई ते कार्ड रेशनकार्डासारखंच समजत होती. यात घरातली सगळी नावं चढवून घे म्हणजे झालं, असं तिचं म्हणणं. आक्का हसून सांगायची की हे एकट्याचं असतं. कार्ड सतत जवळ बाळगावं लागतं, पत्ता बदलला की कळवावं लागतं, वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर रद्द धरतात. आणि मत देता येत नाही. यावर काका थक्क झाले. म्हणाले, "मत नाही? मग निवडणुकीत तुम्हाला विचारतो कोण?" आक्का म्हणाली, "कोणी विचारत नाही, काका. फार बरं वाटतं." पाहुण्यांच्या बोटांचे पोह्याचे डाग पडायला लागले तेव्हा काकांनी पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही गिरणीच्या तिजोरीत ठेवून घेतलं. सुरक्षित राहील म्हणाले. आक्कानेच आपल्या हाताने दिलं.

आता माझ्याकडे येतो. मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजच्या पहिल्या वर्षात दुसऱ्यांदा होतो, आणि आक्का आल्यापासून माझी चाल बदलली होती. मी दाढी उशिरा करायला लागलो. चहाला कॉफी म्हणायला लागलो. आक्का मला नेणार असं कुणीही म्हटलं नव्हतं. पण ज्याची अमेरिकेत बहीण आहे तो भाऊ पनवेलीत का राहील, हा प्रश्न गावालाच पडला, आणि गावाला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मी नम्रपणे हसून देत राहिलो. त्या हसण्याचा पहिला परिणाम असा झाला की पेणच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडून माझ्यासाठी मुलगी सांगून आली. मोठं घर. एरवी त्यांनी आमच्या गिरणीचे पोहेसुद्धा घेतले नसते. काकांनी होकार कळवला आणि सांगितलं, मुलगा लग्नानंतर अमेरिकेला जाणार.

दुसरा परिणाम म्हणजे माझा सत्कार. आमच्या आळीत एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष हे निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. कुणी मॅट्रिक पास झालं, कुणाला सरकारी नोकरी लागली, कुणी हज किंवा काशीला निघालं की मंडळ शाल-श्रीफळ द्यायचं. त्या वर्षी असं काहीच घडलं नव्हतं आणि शाल तर आणून ठेवलेली होती. गुरुजी म्हणाले, आपला वसंता परदेशगमन करतो आहे. तिकीट नाही, व्हिसा नाही, अर्जाचा कागदसुद्धा कुणी पाहिलेला नाही. तरी शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, मला शाल घातली, नारळ दिला. मला वाटतं हे आपल्याकडेच होऊ शकतं. इतर लोक माणूस जाऊन आल्यावर त्याचा सत्कार करतात, आपण त्याने मनात आणल्यावर करतो. मी भाषण केलं. तोवर मी अलिबागच्या पलीकडे गेलो नव्हतो. मी म्हणालो, सातासमुद्रापलीकडे गेलो तरी पनवेलच्या मातीला विसरणार नाही. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आक्का मागे उभी होती. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "वशा, तू मला आधी विचारायचंस रे."

मग तिने मला नीट समजावलं. कायम रहिवाशाला फक्त नवरा-बायकोला आणि बिनलग्नाच्या मुलांना बोलावता येतं. भावाला बोलवायचं तर आधी नागरिक व्हावं लागतं आणि त्यासाठी पाच वर्षं तिथे राहावं लागतं. तिची तीन झाली होती. "मी वेळेत परत गेले तर आणखी दोन वर्षांनी तुझा अर्ज करीन. पण परत जायला हवं ना." तिने मला कार्डाबरोबर मिळालेली पातळ पुस्तिका दिली, वाच म्हणाली. मी शब्दकोश घेऊन माळ्यावर बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मला सगळी समजली. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःला असं पटवत आलो की तेव्हा माझं इंग्रजी कच्चं होतं. इंग्रजी कच्चं होतं, पण तेवढं नव्हतं. त्यात वयात आलेल्या पुरुषांनी लष्करासाठी नाव नोंदवायचं असंही होतं. ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण शाल परत करण्याचा विचार मात्र मनात आला नाही.

काकांना आक्काचं म्हणणं पटेना. त्यांच्या मते हे सगळे बहाणे होते, पोरीला आपलं कुणी तिकडे नको होतं. पेणहून निरोप यायला लागले होते की जावईबापूंचं कुठवर आलं. बाजारात लोक मला अडवून विचारत, "काय रे, अजून इथेच? विमान पंक्चर झालं का?" शेवटी काकांनी एका रविवारी दुपारी गुरुजींना आणि मंडळाच्या दोघांना जेवायला बोलावलं. पनवेलीत इंग्रजी जाणणारे वकील होते, डॉक्टर होते; पण घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर नको, म्हणून या तिघांना बोलावलं, ज्यांच्या तोंडून ती संध्याकाळपर्यंत गावभर झाली. आईने बिरडं आणि सुरमई केली होती. जेवणं झाली, गिरणी त्या दिवशी बंद होती, तरी सगळे ओरडूनच बोलत होते. काकांनी आक्काला समोर बसवून विचारलं, नेतेस की नाही. तिने पुन्हा तेच सांगितलं. गुरुजी सुपारी कातरत म्हणाले, याला लेखी आधार काय? आक्का उठली, आत जाऊन पुस्तिका घेऊन आली आणि गुरुजींच्या हाती न देता माझ्या हाती दिली.

"वशाने वाचलंय सगळं," ती म्हणाली. "त्यालाच विचारा. तो सांगेल."

तिने साक्षीदार निवडला तो मी. खोलीत नऊ डोळे माझ्याकडे होते, मंडळाच्या एका सभासदाला एकच होता. आतल्या खोलीतून अण्णांचा 'हं' ऐकू आला. मी पुस्तिका उघडली. आधी हक्क वाचले: देशात कुठेही राहता येतं, कोणतंही काम करता येतं, कायद्याचं संरक्षण मिळतं. गुरुजी मान डोलावत होते, जणू त्यांनीच हे हक्क मंजूर केले होते. मग मी त्याच पानावर नजर ठेवून म्हणालो, "कायम रहिवाशाला आपल्या रक्ताच्या नातेवाइकांना बोलावून घेता येतं. आई, बाप, भाऊ."

काकांनी मांडीवर थाप मारली. आक्का माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, मी ओळ चुकलो असेन असं तिला वाटलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. म्हणजे पुन्हा तेच बोललो. दुसऱ्यांदा जास्त सोपं गेलं. तेव्हा तिने माझ्या हातून पुस्तिका घेतली, पान शोधलं आणि आधी इंग्रजीत, मग मराठीत ते वाक्य वाचून दाखवलं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि हात वर करून म्हणाले, "सुलूताई, वाचणारा तटस्थ हवा." म्हणजे ज्याचा सत्कार झाला होता, ज्याचं लग्न ठरलं होतं, जो जायला टपलेला होता, तो मी तटस्थ, आणि जी त्या देशात तीन वर्षं राहून आली ती पक्षपाती. हा निर्णय पनवेलच्या तीन प्रतिष्ठितांनी बडीशेप खात दिला. काका म्हणाले, "फॉर्म भर. त्या दिवशी तिजोरी उघडतो." आक्का म्हणाली की असा अर्ज केला तर तो फेटाळला जाईल, आणि खोटं लिहिलं तर माझं कार्डही जाईल. काका म्हणाले, "मग बस इथे. घर काय तुझं नाही?"

त्या सबंध बैठकीत माझं खोटं एकाच व्यक्तीने पकडलं. गिरणीत पाखडायला येणारी धर्मी, करंजाड्याची, आमच्याकडे त्या दिवशी भांडी घासायला थांबली होती आणि दाराशी टेकून बघत होती. लोक गेल्यावर ती आक्काला म्हणाली, "बाय, आमाला काय वाचता येत नाय. पन तुजा भाव येवरा येल वाचत व्हता, त्यानी पान उलटलाच नाय." मी तिथेच पाणी पीत होतो. तिने मला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हटलं.  अण्णांना वळवायची वेळ झाली होती, आक्का आत गेली.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात एक विचित्र सभ्यता नांदत होती. आक्काने काकांकडे तीनदा कार्ड मागितलं, तिन्ही वेळा काकांनी हसून फॉर्म मागितला. तिने तिच्या इस्पितळाला पत्रं लिहिली, त्यांनी जागा राखून ठेवली. ती पोलिसांत का गेली नाही, असं माझ्या सुनेने परवा ही पानं वाचून विचारलं. आजच्या मुलींना हा प्रश्न पडतो याचं मला बरं वाटतं. अण्णा बाजेवर होते, आणि काकांनी एकदाच, अगदी प्रेमळ आवाजात, म्हटलं होतं की घरावर पोलीस आले तर दादांचा जीव जाईल, आणि तो तुझ्यामुळे जाईल. आक्काला माणूस जगवणं येत होतं, त्यावरच त्यांनी बोट ठेवलं. ती दर दोन तासांनी कूस बदलत राहिली. तिच्या पुस्तिकेत अमेरिकेतल्या कायम रहिवाशाचे हक्क एका पानावर आणि जबाबदाऱ्या दुसऱ्या पानावर नीट छापल्या होत्या. आमच्या घरात छापील काही नव्हतं. हक्क काकांकडे होते आणि जबाबदाऱ्या आक्काकडे, आणि हे सगळ्यांना न वाचता पाठ होतं. मी मध्ये कुठे होतो? मी तिजोरीच्या शेजारी होतो. संध्याकाळी गिरणीच्या गादीवर बसायचं काम माझ्याकडे होतं. किल्ली काकांच्या कोटात असायची आणि कोट माझ्या मागच्या खुंटीवर. तेवढा हात मागे न्यायचा होता. त्याहूनही सोपं म्हणजे एक वाक्य बोलायचं होतं. मी भात घेऊन येणाऱ्यांशी हवापाण्याच्या गोष्टी करायचो.

पेणवाल्यांनी शेवटी घाई केली. व्हिसाचं नंतर बघू, मुहूर्त गाठू, असं ठरलं आणि माझं लग्न थाटात झालं. लग्नात मी सूट घातला होता. नवऱ्या मुलाची ओळख करून देताना गुरुजींनी 'अमेरिकास्थित' असा शब्द वापरला. आक्का वाढायला होती. लग्न लागल्यावर फॉर्मची गरज संपली, आणि पाहुणे पांगल्यावर काकांनी स्वतःहून तिजोरी उघडली, पासपोर्ट आणि कार्ड काढून आक्काच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाले, "घे बाई तुझं. आम्हाला काय करायचंय त्याचं." वर्ष उलटून तेरा दिवस झाले होते.

इथे गोष्ट संपली असती तर मी निदान म्हणू शकलो असतो की मी लहान होतो, काकांचा धाक होता. पण आक्का मुंबईला अमेरिकन वकिलातीत गेली. तिथल्या साहेबाने तिला सांगितलं की तुम्ही रहिवास सोडलात असं धरलं जाईल. पण माणूस आपल्या हाताबाहेरच्या कारणाने अडकला असेल तर त्याचा विचार होतो, तसं घरच्या कुणीतरी लेखी द्यावं. ती दुपारच्या एस.टी.ने परत आली आणि थेट गिरणीत माझ्याकडे आली. यंत्र चालू होतं. तिने पर्समधून टंकलेला कागद काढला. तिच्या इंग्रजीत चारच ओळी होत्या: या बाईचा पासपोर्ट आणि कार्ड घरच्यांनी कुलपात ठेवलं होतं, तिने वारंवार मागितलं, तिला दिलं नाही. खाली माझं नाव. सहीची जागा कोरी.

"सही कर," ती म्हणाली. यंत्राच्या आवाजात तिला ओरडावं लागलं. "बाकी मी कुणाला काही विचारत नाही. त्या दिवसाचंही नाही. एवढी सही कर."

पेन तिनेच आणलं होतं. कागदात माझ्या खोटेपणाचा उल्लेखही नव्हता, एवढं तिने सांभाळलं होतं. मी कागद दोनदा वाचला. महिन्याभरापूर्वी लग्न झालेला मी, सासऱ्यांना अजून सांगत होतो की काम होत आलंय. या सहीने काकांचं नाव जाईल, मग सगळं उकरलं जाईल, मग ती दुपार, मग पान. मी म्हणालो, "काकांना विचारून सांगतो."

आक्काने कागद माझ्या हातातून काढून घेतला. चार घड्या घातल्या. "नको विचारूस," ती म्हणाली, आणि मागच्या दाराने घरात गेली. आतून तिने अण्णांना काय खायचं विचारल्याचा आवाज आला. ते 'हं' म्हणाले असतील.

अण्णा आणखी तीन वर्षं जगले आणि अंगावर एकही जखम न होता गेले. दहाव्याला काका सांगत होते, दादा पुण्यवान, शेवटपर्यंत कातडी स्वच्छ. मी अमेरिकेला गेलो नाही हे वेगळं सांगायला नको. पनवेलने मला माफ केलं; तिथे न गेलेले आम्ही पुष्कळ होतो. काकांनंतर गिरणी माझ्याकडे आली. पेणच्या मुलीने पहिल्या वर्षातच सगळं ओळखलं आणि तेव्हापासून आमच्या घरात अमेरिका या शब्दानंतर थोडी शांतता असते. आक्का गावातल्या एका प्रसूतिगृहात लागली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या अर्ध्या पनवेलला तिने पहिली थाप मारलेली आहे. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातची. तिने लग्न केलं नाही. लोक तिला 'अमेरिका रिटर्न' म्हणायचे, आधी टोमणा म्हणून, मग सवयीने. अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर तिने वेगळी खोली घेतली, म्हातारपणी रोडपालीला एका बेडरूमचं घर घेतलं. दिवाळीला फराळ पाठवायची, भाऊबीजेला ओवाळायची. तिने त्या वर्षाबद्दल मला कधीही, एका शब्दानेही टोचलं नाही. काही माणसं असं करतात आणि मग समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही. निदान मी माझी सोय अशी लावून घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्याच्या आधीच्या श्रावणात मी ठरवून तिच्याकडे गेलो होतो. रिक्षात बसून वाक्य तयार केलं होतं. आक्का, मला सगळं समजलं होतं, मी जाणूनबुजून खोटं बोललो, आणि सही केली नाही ती भित्रेपणाने. मला क्षमा कर. कळंबोलीच्या सर्कलला कंटेनरच्या रांगेत रिक्षा पाऊण तास अडकली, तेवढ्यात ते मी वीस वेळा म्हणून पाहिलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. न्हावा शेव्याच्या दिशेने ते ट्रेलर एकामागून एक जात होते आणि मला मनातून वाटत होतं, आणखी थोडी अडकू दे.

आक्काने दार उघडलं. पाय सुजले होते तिचे. तिने चहा केला, मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसली. मी कप खाली ठेवला. म्हणालो, "आक्का, तुझ्याशी एक बोलायचं होतं."

 पंख्याचं बटण तिच्या हाताशी होतं, तिने पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बोल की," ती म्हणाली.

मी खिडकीकडे पाहिलं. मी म्हणालो, "रोडपालीला डास फार झालेत."

"हो," ती म्हणाली. पंखा तिने बंदच ठेवला.  खाली कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजून बंद झाला.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.